निवडणुकीच्या दिवशी गाडीत

कार्डिफला आल्यापासून प्रत्येक निवडणुकीला मी शाळेबाहेर गाडीत बसून राहिले. आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे पद्माकर, आत जाऊन मत देऊन यायचे आणि मी आपली रेडिओ ऐकत काच पुसत बसायची. ह्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला, मी भारतीयच ठेवला. "त्या पासपोर्टवर तुला इथे मत नाही," असं पहिल्याच वर्षी सांगून झालं होतं. कौन्सिलचा मतदार यादीचा फॉर्म दर ऑक्टोबरात हेच भरायचे, एकट्याच्या नावाने.

सत्त्याण्णव साली आमच्या या वेल्सला स्वतःची असेंब्ली हवी का, यावर मतदान ठरलं आणि ह्यांच्या अंगात वारं शिरलं. कोटाला बिल्ला लावून इथल्या मराठी मंडळात भाषण. "आपल्या हॉस्पिटलचं लंडनवाले ठरवणार, आपल्याला कुणी विचारणारसुद्धा नाही, हे किती दिवस चालायचं?" मी मागे बटाटेवडे वाढत ऐकत होते. मला पटत होतं, हेच तर दुखणं. पहिल्यांदाच वाटलं, आपल्यालाही मत असतं तर.

मतदानाच्या आदल्या दिवशी चहा पिताना मी हे लेकीला बोलून दाखवलं. मीनल इथेच जन्मलेली, आता वेगळी राहणारी, कौन्सिलमध्ये नोकरीला. ती म्हणाली, "पण आई, तुला मत आहे ना. इंडियन पासपोर्ट चालतो, कॉमनवेल्थचा आहे तो. फक्त लिस्टवर नाव पाहिजे."

"मग घाल की नाव."

"आता लेट झाला. लिस्ट गेल्या ऑक्टोबरचा आहे."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "मला खरंच वाटायचं, नसतं म्हणून."

"कुणाला विचारलंत कधी?"

"नाही."

इतकी वर्षं काच पुसली, आणि ह्या माणसाने एक साधी चौकशी केली नाही. रडू आलं, रागही आला, मग उठून कुकर लावला.

सकाळी हे हळूच म्हणाले, "माझं मत तुझं समज. मतपत्रिकेवर सांगशील तिथे फुली मारतो."

"तुमचं तुम्ही द्या. मी नाही येत गाडीत बसायला."

असेंब्ली आली, अगदी निसटत्या मतांनी. हे पेढे घेऊन आले. "आता आपलं आपण ठरवायचं," म्हणाले. मी पेढा फ्रिजमध्ये ठेवला.

ऑक्टोबरात फॉर्म आला तेव्हा हे सवयीने पेन शोधू लागले. मी फॉर्म ओढून घेतला, वरच्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "तुमचंही घालायचं का?"