फेसला कार्टन जात नाही

सौदीतल्या जुबैलमध्ये कोणी सुट्टीवर निघालं की बातमी लपत नाही. कोकणातल्या हर्णैच्या एकाने गावी निघायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या दारात पार्सलं आणून टाकायची, ही रीतच. कोणाचं ब्लँकेट, कोणाचे खजूर, कोणाच्या सासूचा बाम. खैरुन्निसाने वीस वर्षं हे निमूट वाहिलं. नायलॉनच्या दोरीने आवळलेली कार्टनं, त्यांवर जाड मार्करने लिहिलेली नावं, आणि विमानतळावर वजन जास्त भरलं की स्वतःचेच कपडे काढून नवऱ्याच्या हातात परत देणं.

यंदा मात्र ती फेसला निघाली होती. मोरोक्कोतलं जुनं शहर. गल्ल्या इतक्या अरुंद की तिथे मोटार शिरत नाही, सामान गाढवं वाहतात. लेकीच्या, इकराच्या पुस्तकात तिने वाचलं होतं की तिथली जुनी मशीद आणि तिच्यातलं विद्यापीठ एका व्यापाऱ्याच्या मुलीने उभं केलं, असं सांगतात. खैरुन्निसाला दहावीच्या आधीच शाळेतून काढलेलं. ती मुलगी तिच्या मनातून जाईना. "मला तिचं दार बघायचंय," एवढंच ती नवऱ्याला, मुस्तफाला म्हणाली. त्यानेही हो-ना करत मोबाइलवरून तिचा एक्झिट-री-एन्ट्री, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायचा व्हिसा, काढून दिला.

पण जुम्म्याच्या नमाजानंतर कोणीतरी विचारलं, तेव्हा "बायको चाललीय" एवढंच तो बोलला. कुठे, ते काही तोंडातून निघेना. झालं! संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये पार्सलांचा ढीग, आणि हा भला माणूस हसून एकेक आत घेतोय.

"अवो, हे काय?"

"आधी हर्णैला जाऊन ये," मुस्तफा नजर चुकवत म्हणाला. "तिकीट बदलता येतं. फेस काय पळून जातंय? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सामान वीस वर्षं मी वाहिलं. आता लोकांचं म्हणणं तुम्ही वाहा."

खैरुन्निसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही. तिने फोन उचलला आणि हर्णैकरणींच्या ग्रुपवर सांगून टाकलं, "बायांनो, मी गावाला चालले नाही. फेसला चाललेय, फिरायला. आपापली पार्सलं घेऊन जा."

पहिली आली ती शेजारची हाजरा, ब्लँकेटवाली. "फिरायला? आपल्यात कोण फिरायला जातं गो? आणि एकटी बाई, परक्या मुलखात!"

"हर्णैला एकटीच जात होते की, पाच-पाच कार्टनं घेऊन. तेव्हा कोणाला मी एकटी दिसले नाही."

"अम्मी, जस्ट गो!" आतून इकरा ओरडली.

हाजराने ब्लँकेट काखोटीला मारलं आणि पुटपुटत जिना उतरली. काही बायका आल्याच नाहीत. त्यांना वाटलं, असं कधी झालंय का, ही नेईलच. त्यांची पार्सलं मुस्तफाला गाडीत भरून दारोदार परत द्यावी लागली. प्रत्येक दारात त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं की बायको फेसला चाललीय. शेवटच्या दारापर्यंत त्याची जीभ बरीच सुटली होती म्हणे.

दम्माम विमानतळावर नेहमीसारखीच माणसं फरशीवर कार्टनं फोडून बसली होती, वजन उतरवत. खैरुन्निसाच्या खांद्याला एक बॅग. काउंटरवरच्या पोराने तिच्या मागे पाहिलं, बाजूला पाहिलं.

"सामान?"

"खलास," ती म्हणाली.

काउंटरवरून वळली तेव्हा मुस्तफा रिकामी ट्रॉली धरून उभा होता. सवयच ती. त्याने ट्रॉली बाजूला लावली, जरा घुटमळला आणि हळूच विचारलं, "येताना काय आणशील?"

वीस वर्षांत या प्रश्नाला तिने कधी नाही म्हटलं नव्हतं.

"काही नाही," खैरुन्निसा म्हणाली. "मी येईन, तेवढं पुरे."