पाठीला वारा लागलेला नॉर्वेजियन

कसे जाल

फोचाला जाणारी बस पकडा. नदीच्या पुलाशी उतरा. तिथून लुचिने गावापर्यंत पायवाट आहे. वाटेत बीच झाडांचं जंगल, गार पाण्याचे झरे, आणि एक कडा असा की तिथे पोचल्यावर मुली रडतात आणि मुलगे फोन काढतात.

हे सगळं मी साराजेव्होतल्या माझ्या हॉस्टेलच्या टेबलामागे बसून सांगतो. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारी पोरं जगभरातून येतात, आमच्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या भोकांत बोट घालून बघतात आणि विचारतात, "सेनाहिद, कुठे जाऊ? गर्दी नको, काहीतरी खरंखुरं सांग." मी लुचिने सांगतो. परत आल्यावर ती मला मिठ्या मारतात. किती सुंदर देश आहे तुझा! किती प्रेमळ माणसं! मी म्हणतो, आहेतच मुळी.

मी स्वतः लुचिने शेवटचं पाहिलं ते युद्धात, नऊ वर्षांचा असताना, ट्रकच्या मागच्या फळीवरून. माझे वडील, रामिझ, गाईंना चारा घालून मागून येणार होते.

का जाल

आता सगळं शांत आहे. सर्ब आपापल्या गावांत, आम्ही मुसलमान आमच्या, आणि मधल्या डोंगरांत लाल-पांढऱ्या खुणा रंगवलेल्या पायवाटा. अधूनमधून कुठल्या तरी दरीत हाडं सापडतात आणि एखाद्या घरी फोन जातो. हाडांशी जुळवून बघायला आईने माझं आणि स्वतःचं रक्त देऊन ठेवलं आहे. आमच्याकडे फोन येतो तो फक्त इंटरनेट स्वस्त झाल्याचं सांगायला.

"लुचिनेत कुणाला तरी माहीत असणार," आई म्हणते. आई म्हणजे झुमरेता. गुडघे गेलेत, आवाज नाही गेलेला. "माझ्याच्याने चढवत नाही, नाहीतर मीच गेले असते. तू जाऊन विचार. दार वाजव आणि विचार."

मी दर उन्हाळ्यात हो म्हणतो. दर उन्हाळ्यात हॉस्टेल भरलेलं असतं. हिवाळ्यात बर्फ असतो. वसंतात माझी कंबर धरते.

खरं कारण हे: आमच्यातल्या कुणी जाऊन हाडांबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं. माहीत नाही, मी तेव्हा इथे नव्हतो. अख्खा डोंगर तेव्हा इथे नव्हता. पण माझे पाहुणे? त्यांना दारात बसवतात, खायला घालतात, आणि त्यांच्या देखत काहीही बोलतात, कारण त्यांना ओ की ठो कळत नाही.

मग माझ्या सुपीक डोक्यातून योजना निघाली. परदेशी होऊन जायचं. बसायचं, खायचं, ऐकायचं.

आईला सांगितलं.

"बापाचा पत्ता विचारायला तू नॉर्वेचा होऊन जाणार?"

"आई, ही एक पद्धत असते."

"तुझ्या बापाने तुला बघायला हवं होतं," ती म्हणाली. "नाही, नकोच."

काय न्यावे

पाहुण्यांनी विसरलेल्या सामानाची एक खोली आहे माझ्याकडे. तिच्यातून मी सजलो. निळी पाठपिशवी, तिच्यावर शिवलेला नॉर्वेचा झेंडा. चालायच्या दोन काठ्या. हजार खिशांची विजार. मानेवर पदर सोडलेली टोपी, जी घातली की माणूस मधमाश्यांना घाबरणारा बिशप दिसतो. नाकावर सूर्यापासून वाचवणारं पांढरं मलम फासलं आणि ते पसरवलं नाही, कारण ते लोक पसरवत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं निरखलेलं आहे.

आरशात पाहिलं. अस्सल.

वाट

वर चढताना मला कळलं की मी आयुष्यभर लोकांना जी वाट 'सोपी' म्हणून सांगत आलो ती सोपी नाही. पहिल्या झऱ्याशी टाचेला फोड आला. दुसरा झरा आटलेला होता. जुन्या सुरुंगांची कवटीवाली पाटी लागली तेव्हा माझे पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून दात दाखवतात ते आठवलं. मी पायवाटेच्या इतक्या मधोमध चालत होतो की कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, नॉर्वेत चालायची परीक्षा असते वाटतं.

कड्यावर पोचलो. मी रडलोही नाही आणि फोनही काढला नाही. खाली बसून बूट काढला आणि फोडाला फुंकर घातली.

काय पाहाल

पाऊस होता. काही दिसलं नाही.

स्थानिकांशी कसे वागाल

लुचिनेत दोनच धुराडी चालू होती, दोन्ही सर्बांची. पहिल्या दारात एक म्हातारी उभी होती, डोक्याला काळा रुमाल, हातात कोंबडीचं खाद्य. तिने मला पाहिलं आणि हाताने 'ये, ये' केलं, आपण भिजलेल्या कुत्र्याला करतो तसं.

मी तिला ओळखलं. विदोसावा. विदाकाकू. आमच्या आळीतलं घर. लहानपणी हिच्या आलुबुखाराच्या झाडावरून मला खेचून उतरवलं होतं हिने. तिने मला ओळखलं नाही. टोपी काम करत होती.

चुलीजवळ एक म्हातारा बसला होता: ओब्रेन, तिचा धाकटा दीर. भाऊ गेल्यापासून तोच तिचं सरपण फोडतो असं दिसत होतं. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे काय आणलंस वहिनी?"

"परदेशी आहे. भिजलाय."

"म्हातारा दिसतो."

"तिकडे म्हातारेच हिंडतात. तरुण नोकऱ्या करतात."

"बायको नसणार ह्याला."

"असती तर ह्या टोपीत घराबाहेर पडू दिला असता का?"

बायको मला होती आणि ती सोडून गेली, ह्यात टोपीचा काही संबंध नव्हता. मी हसून "थँक यू" म्हटलं.

"बघ, खूश झाला," ओब्रेन म्हणाला. "बकरं नाही, बंदूक नाही, सरपण नाही, काही नाही. नुसताच डोंगर चढून आला. वेडे असतात का गं हे?"

"वेडे कुठले, सुखी असतात. तोंडाला काय फासलंय ते बघ. मलई वाटते."

"नाव विचार."

ओब्रेनने छातीवर हात ठेवून मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं, "ओब्रेन!" म्हटलं. मी तयारी सगळी केली होती, नाव सोडून. छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "लार्स."

"लाझार म्हणतोय," विदाकाकूने सांगितलं. "आपल्यातलंच नाव आहे की. चांगला माणूस."

तिने पिता, म्हणजे बटाटा भरून भाजलेली पापुद्र्यांची पोळी, कापली, वर सायीचा गोळा ठेवला. मी पहिला घास घेतला. कड जाड, आत मिरी जास्त. साराजेव्होत कुणीच अशी करत नाही, आई सोडून. परदेशी माणसासारखं 'हे काय आहे?' असा चेहरा करायचा होता मला. मी तीन तुकडे खाल्ले.

"भूक बघ," ओब्रेन म्हणाला. "नॉर्वेत दुष्काळ पडलाय."

मग मी कामाला लागलो. खिडकीतून समोर दिसणाऱ्या, छप्पर नसलेल्या काळ्या भिंतींकडे बोट केलं. "हाउस?"



"काय सांगू ह्याला?" ओब्रेन पुटपुटला.

"नेहमीचं सांग. वीज पडली."

ओब्रेनने हात वर नेऊन बोटं फाकवली आणि तोंडाने मोठा आवाज केला. मी डोळे मोठे केले. मग पुढच्या भिंतीकडे बोट नेलं, त्याच्याही पुढच्या. त्याने पुन्हा पुन्हा वीज पाडली. दमला.

"एवढी वीज पाडायची म्हणजे काय," तो म्हणाला, "ह्याला खरं वाटेल का?"

"वाटेल. सुखी माणूस आहे." विदाकाकूने खिडकीबाहेर पाहिलं. "फक्त त्या शेवटच्या घरावर पाडू नकोस. रामिझच्या."

माझ्या हातातला काटा थांबला. मी तो पुन्हा हलवला.

"वहिनी."

"काय वहिनी? ह्याला काय कळतंय?"

"भिंतींना कळतं."

"इतकी वर्षं भिंतींना कळतंय. माणसाला एकदा तरी कळावं असं नाही वाटत तुला? मी उद्या मेले, परवा तू मेलास, की संपलं. मग कुणालाच सांगता येणार नाही कुठे—"

"गप्प बस म्हणतोय!" ओब्रेन ताडकन उठला. चेहरा लाल झाला होता. चूल पेटलेली, खोली कोंदट. त्याने जाऊन माझ्या पाठीमागची खिडकी उघडली.

खबरदारी

इथे मला थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे.

ह्या देशात सर्ब, क्रोएट आणि आम्ही, तिघांचं एकमेकांशी काही म्हणजे काही जुळत नाही. झेंडा, इतिहास, शाळेचं पुस्तक, कशावरच नाही. एकाच गोष्टीवर जुळतं. दार उघडं, समोरची खिडकी उघडी, आणि मधून वारा वाहतोय, ह्याला आम्ही प्रोमाया म्हणतो, आणि त्याने माणूस मरतो. मान आखडते, मूत्रपिंडं गारठतात, दात किडतात, मुलं होत नाहीत. युद्धात तळघरात बसून वरून तोफगोळे येत असताना माझी आजी ओरडायची, त्या पोराला दारातून उठवा, वारा लागेल.

माझे पाहुणे मुद्दाम समोरासमोरच्या खिडक्या उघडून त्यांच्या मधोमध झोपतात. मी रात्री हळूच जाऊन एक लावतो.

तर विदाकाकूचं दार उघडं होतं. रागाच्या भरात ओब्रेनने दाराचं भान न ठेवता मागची खिडकीही उघडली. माझा सदरा पावसाने आणि घामाने चिंब. वारा बरोबर कमरेवर आला.

मी बसलो. नॉर्वेचे लोक बर्फात भोक पाडून आंघोळ करतात, हे स्वतःला सांगितलं. विदाकाकू ओब्रेनकडे बघत होती आणि तिचे ओठ पुढच्या शब्दासाठी उघडलेले होते. मला फक्त बसून राहायचं होतं. आई त्या एका शब्दासाठी म्हातारी झाली होती. फक्त बस, सेनाहिद. कधी नव्हे ते एक काम धड कर.

माझ्या डाव्या मूत्रपिंडाने ऐकलं नाही. मी उठलो, खिडकी लावली, कडी घातली, वर सदऱ्याचं मागचं टोक विजारीत खोचलं, आणि हात कमरेवर दाबून चुलीजवळ सरकलो.

चुलीत लाकूड तडकलं.

"ओब्रेन," विदाकाकू म्हणाली, "हा नॉर्वेचा नाही."

भाषा

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. टोपी काढली. अंगठ्याने माझ्या नाकावरचं मलम पुसलं, जरा जोरातच.

"कुणाचा रे तू?"

"नॉर्वे," मी म्हणालो. मला खरंच वाटत होतं की अजून निभावेल.

"नॉर्वे राहू दे. कुणाचा?"

"रामिझचा."

ओब्रेन बाहेर गेला. दार ओढून घट्ट लावून गेला.

विदाकाकू समोरच्या बाकावर बसली. "इतका वेळ सगळं कळत होतं तुला?"

"हो."

"मलई म्हटलेलं पण?"

"हो, काकू."

"झुमरेता?"

"आहे. गुडघे गेलेत."

"माझेही." तिने ॲप्रन सरळ केला. मग तिचा आवाज बदलला. "हे बघ. मी आपणहून सांगणार नाही. ओब्रेनला इथेच राहायचंय, खालच्या गावात त्याचे भाचे आहेत, त्यांचे मित्र कोण होते ते तुला माहीत नसेल, मला आहे. पण तू तोंडाने विचारलंस, तर खोटं बोलणार नाही. विचार."

इतकी सोपी अट. आईने हेच सांगितलं होतं, दार वाजव आणि विचार. मी तोंड उघडलं.

"अजून थोडी पिता आहे का?" मी म्हणालो.

तिने तुकडा कापून ताटलीत ठेवला. मी तो खाल्ला. ती थांबली होती. मी ताटलीतले कण बोटाने वेचले. ती तरीही थांबली होती. मग वेचायलाही काही उरलं नाही.

"काकू, बाबा कुठे आहेत?"

"वर. आमच्या आलुबुखारांच्या मागे," ती लगेच म्हणाली, जणू शब्द दाताशीच ठेवले होते. "खालून आलेली माणसं त्याला अंगणात टाकून गेली. दोन दिवस कुणाला जवळ जाऊ देईनात. मग माझा नवरा आणि ओब्रेन गेले. माझ्या लग्नातल्या गालिच्यात गुंडाळला. तुमच्याकडे कुठल्या बाजूला तोंड करतात ते आम्हाला नक्की माहीत नव्हतं. ओब्रेन म्हणाला, उन्हाकडे करू."

मला काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "गालिचा वाया गेला तुमचा."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली आणि उठून माझं डोकं पोटाशी धरलं.

संपर्क

आलुबुखारांच्या मागे फोनला रेंज येते. ओब्रेन तिथे आधीच उभा होता, पावसात, टोपी हातात. आम्ही येताना दिसल्यावर तो थोडा बाजूला झाला. तेवढ्यावरून मला जागा कळली.

मी आईला फोन लावला. सांगितलं. वाक्य तीनदा पडलं, तीनदा उचललं.

"कुणी सांगितलं?" आईने विचारलं.

"विदाकाकूने."

"दे तिला."

विदाकाकूने हात ॲप्रनला पुसले, फोन दोन्ही हातांत धरला. "झुमरेता," ती म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही, आणि तिकडून आई काही बोलत असेल असंही वाटलं नाही. दोघी फोन धरून होत्या.

मी आणि ओब्रेन पाठ फिरवून उभे राहिलो.

"आता माणसं येतील," तो म्हणाला. "यंत्र घेऊन. खणतील."

"हो, काका."

"मला विचारतील, कुणी मारलं, कोण होतं."

"विचारतील."

त्याने खालच्या गावाकडे पाहिलं. तिथून वर येणारी वाट पावसात नीट दिसत नव्हती.

"खोल आहे," तो म्हणाला. "वर आम्ही मोठा दगड सरकवलाय. डुकरांनी उकरू नये म्हणून. त्यांना सांग, सावकाश काढा म्हणावं. मी असेन इथे. मी दाखवीन कसा काढायचा."