कुणाच्या बदल्यात नाही

माझ्या सासूनं माझा नवरा लहानपणीच देवाला देऊन टाकला होता. आणि मला हे कळलं कधी? दोन पोरं झाल्यावर! तेही शेजारणीकडून, केळीची पानं कापता कापता. आमच्या गिरीजची माणसं अशीच. कुणाचं कालवण खारट झालं तर वाडीवाडीतून बातमी फिरेल, पण नवऱ्यामुलाची असली गोष्ट मुलीकडच्यांना सांगायची वेळ आली की सगळे मूग गिळून बसतील.

झालं होतं असं. आमचे हे पाच वर्षांचे असताना विषमज्वरानं पडले. वैद्यानं हात टेकले, डॉक्टरनंही टेकले. तेव्हा पॉलिनबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अनवाणी रमेदीच्या चर्चातल्या माऊलीकडे गेल्या आणि नवस बोलल्या, माझा कॉन्रॅड जगला तर त्याला फादर करीन. कॉन्रॅड जगला. शिकायला वांद्र्याला बोर्डिंगात गेला, तिथं त्यानं विजेचे दिवे पाहिले आणि कारभार आटोपला. चौदाव्या वर्षी आईनं नवसाची गोष्ट काढली तर म्हणाला, "आय, मला वीज शिकायचीय." सासूबाई गप्प बसल्या. मुलगा इंजिनियर झाला, मुंबईत वीज कंपनीत लागला, मला लग्न करून घरी घेऊन आला. नवस राहिला तो राहिलाच.

मग घरात काहीही होवो, गाय आटली, रहाट मोडला, युद्धात रॉकेल मिळेना, की सासूबाई माऊलीच्या तसबिरीकडे बघून सुस्कारा टाकायच्या, "राहिलंय ना आपलं!" लढाईसुद्धा आमच्याच नवसामुळं पेटली होती जशी काही.

आणि आमचे हे? कामावर जायच्या आधी मिस्सेची प्रार्थना, रात्री पोरांना घेऊन रोजरीची माळ, रविवार सगळा देवळात. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. गावात वीज आली तेव्हा देवळातलं सगळं वायरिंग यांनी स्वतःच्या हातानं केलं. वर तो अर्थिंगचा खड्डा! देवळामागे जमिनीत कोळसा नि मीठ घालून तांब्याचा पत्रा पुरला होता. वीज भरकटली तर माणसाच्या अंगातून न जाता तिथून जमिनीत जावी म्हणून. ती जागा ओली राहावी लागते. झालं, उन्हाळाभर आमचे इंजिनियरसाहेब बादली घेऊन देवळामागे पाणी घालायला हजर. लोक काय सोडतात? "काय कॉन्रॅड, फादर पेरलेत का तिथं? कधी उगवायचे?" हे हसायचे नि पुढची बादली आणायला जायचे. मला मात्र हसू यायचं नाही. मला वाटायचं, हा माणूस आईचा नवस असा बादली-बादलीनं फेडतोय, आणि आयुष्य संपलं तरी फिटायचा नाही.

आमची दोन पोरं. थोरला इग्नेशियस शांत, लाजरा, अकराव्या वर्षी मिस्सेची अख्खी लॅटिन उत्तरं तोंडपाठ. धाकटी सुझान माझ्यावर गेलेली. जिभेला हाड नाही. फादरांच्या डोक्यावर गांधीलमाशी बसली म्हणून भर मिस्सेत खिदळली होती, नि माझ्या हातचा धपाटा खाऊनही हसायची थांबली नव्हती.

इग्नेशियस अकरा वर्षांचा झाला नि सासूबाईंच्या वागण्यात गोडवा आला. हलवा माशाची पोटाकडची तुकडी त्याला. सणाला नवा सदरा त्याला. संध्याकाळी ओट्यावर त्याला जवळ घेऊन संतांच्या गोष्टी. मी म्हटलं, नातू आहे, करू दे लाड. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई ती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

एका दुपारी पोरगा माझ्या मागे चुलीशी येऊन उभा राहिला. डोळे भरलेले.

"आई, मी फादर व्हायला सेमिनरीत गेलो नाही तर पप्पा मरतील?"

"कोण म्हणालं असं?"

"आजी म्हणते, पप्पांचा जीव माऊलीनं उसना दिलाय. त्याच्या बदल्यात मी गेलं पाहिजे."

बाई गं! माझं जे डोकं सटकलं! हातातला कालथा तसाच घेऊन मी ओट्यावर गेले. सासूबाई सुपारी कातरत होत्या. आयुष्यात त्यांना उलटून बोलले नव्हते असं नाही, पण त्या दिवशी जे बोलले ते चार वाड्यांपलीकडे ऐकू गेलं. "नवस तुमचा, जीव तुमच्या लेकाचा, आणि फेडायचा माझ्या पोरानं? माझं पोर काय वाटेवर पडलंय? त्याला हात लावून बघा, मी दोन्ही पोरं घेऊन माहेरी जाते, मग बसा तसबिरीला सुस्कारे ऐकवत!"

"ओरड," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा मरणाच्या दारात पडला होता तेव्हा तू नव्हतीस तिथं. मी होते."

संध्याकाळी हे आले. सायकल लावली, हातपाय धुतले, माझं सगळं ऐकून घेतलं. हा माणूस तार जोडतानासुद्धा तीनदा तपासणारा, बोलणार काय लगेच? इग्नेशियसला मांडीवर घेऊन बसले नुसते. मी म्हटलं, "तुमचं देऊळ की तुमचं घर, एकदा काय ते ठरवा."

रविवारी मिस्सा झाल्यावर आईला नि मला घेऊन फादर फ्रेडरिकांच्या खोलीत गेले. फादरांनी ऐकलं नि सांगितलं, "पॉलिनबाई, दुसऱ्याचा जन्म नवसात घालता येत नाही, मग तो पोटचा पोर का असेना. मी तुमचा नवस बदलून देतो. देवळाच्या सणाला गोरगरिबांना जेवण घाला. तुम्ही मोकळ्या."

सासूबाईंनी लाल लुगड्याचा पदर घट्ट ओढला. "तुम्ही बदलाल, फादर. पण मी माऊलीशी बोलले होते, तुमच्याशी नाही."

तेव्हा हे बोलले. मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"आय, तुला वाटतं मी देवळात तारा ओढतो, पाणी घालतो, ते तुझा नवस फेडायला? हिलाही तेच वाटतं. फेडायचं म्हणून करायचं असतं तर मी या देवळाची पायरी चढलो नसतो. मला आवडतं इथं. घरी आल्यासारखं वाटतं, म्हणून येतो. माझ्या घरातून कुणी कुणाच्या बदल्यात देवाकडे जाणार नाही. ज्याला जायचं असेल तो आपल्या पायानं जाईल, आणि त्याला मी अडवणार नाही. हा माझा शब्द. फादर, तुम्ही साक्षीला आहात."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं मी या माणसाची कीव करत होते, आणि तो आपला मजेत होता! सासूबाई उठल्या नि तडक घरी गेल्या. सणाला जेवण त्यांनी घातलं नाही, पण इग्नेशियसपाशी नवसाचं नावही पुन्हा काढलं नाही.

तरी माझा विश्वास नव्हता. पुढची सगळी वर्षं डोळ्यांत तेल घालून पोरावर पहारा ठेवला. कुणी फादर त्याच्याशी दोन मिनिटं जास्त बोलले तरी मी खाकरत जवळ जायची. पोरगा मॅट्रिक झाला, बँकेत चिकटला, सांडोरच्या एका मुलीकडे बघून लाजायला लागला. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

गेल्या वर्षी, एप्रिलात, मी नि सुझान बोंबील साफ करत बसलो होतो. अठरा वर्षांची घोडी. सकाळीच माझ्याशी भांडली होती, आजीशी भांडली होती, मांजराशीसुद्धा. मान खाली घालून म्हणाली, "आई, मी सिस्टर व्हायचं ठरवलंय."

मी हसले. "तू? या तोंडानं? कॉन्व्हेंटातल्या बाया चार दिवसांत तुला टोपलीत घालून परत आणून सोडतील."

ती हसली नाही. सुझान हसली नाही म्हटल्यावर हातातला बोंबील मी खाली ठेवला.

"दोन वर्षं झाली विचार करतेय. मदर सुपीरियरना भेटूनही आले. दवाखान्याचं काम शिकवतात त्या. मला जायचंय."

मी तशीच माशाच्या हातांनी उठले नि ओटा गाठला. "केलंत ना शेवटी! पोरगा हाती लागला नाही, तर पोरगी फितवलीत!"

सासूबाई आता वाकल्या होत्या, नजर अधू झाली होती. त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा चेहरा पांढराफटक पडला. "मी? मी पोरीचं नाव कधी घेतलं गं? माऊलीची शपथ, कधी नाही घेतलं!"

मागून सुझान आली. मी तिचा दंड धरला. "खरं सांग. आजीनं नवसाचं काय काय भरवलंय तुला?"

"कसला नवस?" ती म्हणाली.

आणि मला लख्ख कळलं, हिला माहीतच नाही! नवस मुलाचा, भांडण मुलाचं, पहारा मुलावर. मुलीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

सासूबाईंनी चाचपडत तिचा हात पकडला. "पोरी, नवस फिटला गं! फादर फ्रेडरिकांनी बदलून दिला होता. मी जेवण घालते, उद्याच घालते, सगळ्या गावाला घालते. आपलं काही राहिलं नाही बघ. तू नको जाऊ." म्हातारी ढसाढसा रडायला लागली.

"आजी, मी काही फेडायला नाही चालले," सुझान म्हणाली. "मला आवडतं म्हणून चाललेय."

अगदी बापाचे शब्द. तेही तिला कुणी सांगितलेले नव्हते.

संध्याकाळी यांनी ऐकलं. सुझानला एकच विचारलं, "खुशीनं?" ती "हो" म्हणाली. हे म्हणाले, "मग जा." आणि बादली उचलून देवळाकडे निघाले.

मी रागानं मागोमाग गेले. देवळामागे खड्ड्यात पाणी ओतत होते. खड्डा भरून वाहत होता, पायाखाली चिखल झाला होता, तरी हे विहिरीवरून आणून ओततच होते. मी बादली धरली.

"तिला थांबवा. माझं ऐकायची नाही. तुमचं ऐकेल."

"ऐकेल," ते म्हणाले. "म्हणूनच सांगत नाही."

चेहरा सगळा ओला होता. बाहीनं पुसत म्हणाले, "मी चौदा वर्षांचा होतो, क्लेमेंटीन. नवसाचं सांगून आयनं वर एकदा जरी म्हटलं असतं, की जा, तर मी फादरचा झगा चढवला असता. तिचा शब्द मी मोडला नसता. तिला माहीत होतं ते. आपला पोर आता मरेल, मग मरेल, ही धास्ती घेऊन जन्मभर राहिली, पण मला तिनं म्हटलं नाही. मग मी कसं म्हणू?"

त्या म्हातारीला मी वीस वर्षं उणंदुणं बोलत आले होते. बादली मी घेतली, पालथी घातली, नि आम्ही घरी आलो.

ओट्याच्या पायरीवर सुझान बसली होती, आणि सासूबाई मागे बसून तिच्या केसांना तेल लावत होत्या. कॉन्व्हेंटात गेल्यावर केस कापतात, हे त्यांना माहीत होतं. पेड हातातून सुटत होते. मी त्यांच्या बाजूला टेकले.

"आय, सरका थोडं," मी म्हटलं. "अर्धे मला द्या."

त्यांनी मधोमध भांग पाडला. एक वेणी त्यांनी घातली, एक मी.

"हळू गं दोघी, केस ओढताय!" सुझान ओरडली.

आम्ही काही हळू केलं नाही.