बसच्या मागची वाट

"किल्ली द्या इकडे," व्लास्ताबाई म्हणाल्या आणि लुबोशच्या हातातली बसची किल्ली त्यांनी सरळ स्वेटरच्या खिशात टाकली.

"अहो बाई, बसपाशी कुणी माणूस नको का?"

"मग मी काय बुजगावणं आहे? निघा."

सगळे हसले. लुबोश मात्र कानापर्यंत लाल झाला. बावीस वर्षं तो बस चालवत आम्हा ब्रनोकरांना दर सप्टेंबरात चेक देशातून स्लोव्हेनियाच्या या डोंगरांत आणतोय, पण स्वतः एकदाही वर चढलेला नाही. आम्ही वर, हा खाली. संध्याकाळी पाय ओढत परतलो की बसमधल्या शेगडीवर सॉसेज उकळत असायची आणि कॉफी तयार. सहलीची सगळी व्यवस्था माझ्याकडे, तेव्हा त्याची कीव करण्याचं कामही मी स्वतःकडेच घेतलं होतं. बिचारा, विहिरीपर्यंत येऊन तहानलेला!

यंदा व्लास्ताबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शाळेत जन्मभर पोरांकडून कवायत करून घेतलेल्या बाई, चढावर सगळ्यांच्या पुढे असायच्या. डॉक्टरांनी चढणं कायमचं बंद केलं, तरी हट्टानं आल्या. काल जेवताना मला म्हणाल्या, "इरेना, माझ्या जागी लुबोशला ने. वरचं मला कुणीतरी नीट सांगायला हवं. तुम्ही नुसते फोटो काढता, बघत नाही."

आता त्यांनी त्यालाही बजावलं, "आल्यावर सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही."

"बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, बाई."

"मग पाण्याची बाटली घ्या बरोबर."

लुबोश पहिल्या गियरमध्ये चढला. वाटेत उतरणाऱ्या प्रत्येकाला थांबून नमस्कार करत होता. खिंडीतल्या झोपडीवजा उपाहारगृहात आम्ही घरून आणलेले पाव आणि तळलेलं मांस उघडलं. परदेशात पैसे टाकून जेवायचं आमच्या लोकांच्या जिवावर येतं. मालकीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्या सूपमध्ये विष असतं का हो?" मग लाजेकाजेस्तव प्रत्येकानं एकेक वाटी घेतली.

लुबोश लांब एका दगडावर बसला होता. जवळ गेले तर स्वतःशीच पुटपुटत होता, "डावीकडे बर्फाचा पट्टा... खाली हिरवं तळं..." परीक्षेला बसलेल्या मुलासारखं त्याचं पाठांतर चाललं होतं.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"छान. फारच छान. पण वारा फार बडबडतो इथे. आणि तुम्ही सगळेही."

खाली आलो तेव्हा व्लास्ताबाई घडीच्या खुर्चीवर डोंगराकडे पाठ करून बसल्या होत्या.

"हं, बोला," त्या म्हणाल्या.

"बर्फ होता," लुबोश म्हणाला.

"बरं. आणखी?"

"तळं होतं. हिरवं."

बाई हसायला गेल्या आणि त्यांचे डोळेच भरून आले. "त्यापेक्षा बोकड पाठवला असता तर बरं झालं असतं," त्या गुडघ्यांकडे बघत म्हणाल्या. "जाऊ दे. संपलं ते."

लुबोशनं हात पुढे केला. "उठा. चढ नाही. सपाट आहे."

बसच्या मागे झाडांतून एक वाट जात होती, एकाच माणसाच्या पायांनी पडलेली. इतकी वर्षं आले, पण ती मला कधी दिसली नव्हती. मी मागोमाग गेले. थोड्या अंतरावर ओढा, ओढ्याकाठी सपाट दगड, आणि समोर पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा डोंगर, उतरत्या उन्हात तांबूस झालेला. पाण्याच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नव्हतं.

"तुम्ही वर गेलात की मी इथे येऊन बसतो," लुबोश म्हणाला. "इथून तो पूर्ण दिसतो. वर गेलं की पायाखाली जातो."

"बावीस वर्षं! आणि बोलला नाहीत कधी?" मी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही. परत आलात की सगळे आपापलंच सांगायचात."

माझी इतक्या वर्षांची कीव फुकट गेली. मला लाजही वाटली आणि हसूही आलं.

व्लास्ताबाई दगडावर टेकल्या, पाय लांब केले आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग न वळताच म्हणाल्या, "उभे काय राहिलात? बसा. एवढा मोठा दगड काय मी एकटीच अडवू?"

तो बसला. मी गुपचूप परतले.

बसमध्ये व्लास्ताबाईंनी उकळत ठेवलेली सॉसेज फुटायला आली होती, ती मीच वाढली. निघायची वेळ टळून गेली होती. कुणीतरी हॉर्न वाजवायला हात पुढे केला. मी तो हात धरला आणि त्यात पावाचा तुकडा ठेवला.