कुकर गेला, यशोधरा राहिली

मित्रांनो, माझ्या पोटावर एक ओळ कोरलेली आहे. 'चि. सौ. कां. शिल्पा हिस चुडामणकडून सप्रेम भेट.' घासून घासून त्यातलं 'सप्रेम' पुसट झालं आहे. बाकीचं अजून वाचता येतं. मी एक जुना कुकर आहे. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, एक कान नंतर बदललेला. जळगावात दोन खोल्यांच्या घरात ओट्यावर माझी जागा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची एक गोल चकती यंत्राखाली गेली आणि भांडं होऊन बाहेर आली. मला पाण्याने भरून, दाब देऊन तपासलं. तपासणाऱ्याने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "चालेल." शिल्पाच्या लग्नात तिच्या भावाने, चुडामणने, मला आहेरात दिलं. शिल्पाचा नवरा संघपाल चटईच्या कारखान्यात कामाला आहे. त्याची आई द्रौपदाबाई पारोळ्याकडची. नातवंडं तिला मोठी माय म्हणतात. सुरुवातीला ती माझ्याजवळ फिरकतही नसे. "हाई भांडं सापनागत फुसकारस, माय!" असं म्हणून लांबूनच बघायची.

माझी उमेदीची वर्षं चांगली गेली. थंडी पडली की सगळं घर चुडामणच्या शेतात, पहूरला जायचं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर हिरवी वांगी भाजायची, भरीत ठेचायचं, सोबत पुऱ्या आणि माझ्यातलं वरण. चुडामण म्हणायचा, "ताई, भरीत माझं, पण वरण तुझ्या कुकरचं!" शिल्पाची मुलगी यशोधरा तेव्हा आईचा पदर धरून बोरांच्या झाडापर्यंत जायची. तिचा धाकटा भाऊ नवीन चटईवर झोपलेला असायचा.

मग नवीन आजारी पडला. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. ताप उतरेना, कुठे न पडता-धडपडता अंगावर निळे डाग उमटू लागले. रक्त तपासलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईला न्या, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्याच दुपारी निघायचं ठरलं. शिल्पाने चार कपडे, एक उशी, दोन ताटल्या पिशवीत भरल्या. त्यावर मला ठेवलं. धर्मशाळेत स्वतःचं रांधावं लागेल, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. यशोधरा दारात उभी होती. तिनेही आपली पिशवी भरली होती, पायांत चपला घातल्या होत्या. ती तेव्हा आठ वर्षांची होती. शिल्पाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझी शाळा आहे ना बेटा."

कुकर गेला, यशोधरा राहिली.

धर्मशाळेत मी खूप कामाचा ठरलो. औषधांनी नवीनचं तोंड सोलून निघायचं. त्याला मऊ, ताजं, गरम तेवढंच द्यायचं होतं. बाहेरचा घास चालत नव्हता. शिल्पा मला दिवसातून कितीदा तरी घासायची, उकळत्या पाण्याने धुवायची. संध्याकाळी ती जळगावला फोन लावायची. "अभ्यास केलास? मोठ्या मायला त्रास देऊ नको हं." पलीकडून यशोधरा काहीतरी सांगायला लागायची आणि नेमकी माझी शिट्टी व्हायची. "थांब, कुकर झाला. उद्या बोलू." फोन बंद. मित्रांनो, हे एकदा झालं नाही. रोज झालं.

कित्येक महिन्यांनी ते घरी आले. उपचार मात्र संपले नव्हते. रोज गोळ्या, ठरलेल्या तारखांना मुंबईची फेरी, पुनःपुन्हा रक्ताची तपासणी. ही औषधं काही वर्षं चालतात. रक्तातल्या चांगल्या पेशी वाढल्या की घर हसायचं, पेशी घटल्या की घर तोंडाला फडकं बांधून गप्प बसायचं.

मधल्या काळात तोरणमाळला सहलीला जायचं ठरलं. पिशव्या भरल्या, आदल्या दिवशी रिपोर्ट आला आणि पिशव्या रिकाम्या केल्या. दिवाळीच्या सुटीत पुन्हा ठरलं, पुन्हा मोडलं. यशोधरा आपले कपडे स्वतःच कपाटात लावायची. "चालेल, मम्मी," म्हणायची. येणारे-जाणारे तिचं कौतुक करायचे, "किती समजूतदार पोरगी!" मला तो शब्द ओझ्याचा वाटायचा. माझ्यात वाफ कोंडते तेव्हा मीही बाहेरून शांतच दिसतो.

या हिवाळ्यात पेशी चांगल्या निघाल्या. शिल्पाने भीत भीत डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एक दिवस जाऊन या. गर्दी नको, कच्चं काही नको, तोंडावर मास्क, पाणी घरचं. आणि ताप आला तर वाट पाहत बसू नका." संघपालने ओळखीच्याची व्हॅन मागून आणली, म्हणजे एसटीची गर्दी नको. तांदूळ, मुगाची डाळ, उकळून गार केलेल्या पाण्याचा कॅन आणि मी, असे आम्ही निघालो. वाटेत शिल्पाने तीनदा नवीनच्या कपाळाला हात लावला. यशोधरा खिडकीशी बसली होती. कंपासपेटी मांडीवर घट्ट धरलेली.

"सहलीला कंपास कशाला गं?" संघपालने विचारलं.

"चित्र काढायला," ती म्हणाली.

पहूरच्या शेतात चुडामणने जाळ तयारच ठेवला होता. धूर येणार नाही अशा बाजूला चटई टाकली. नवीनने मास्क चढवून, दुरूनच, वांगी मोजायला सुरुवात केली. शिल्पाने मला बाहेर काढलं, डाळ-तांदूळ धुतले, झाकण लावलं आणि शिट्टीसाठी पिशवीत हात घातला. पिशवी उलटी केली. दुसरी पिशवी झटकली. चटई उचलून पाहिली.

"शिट्टी नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी विसरले. दोन वर्षांत एकदा स्वतःला मजा करावीशी वाटली, आणि मी त्याचं जेवण शिजवायची शिट्टीच विसरले."

"अगं, मीच घाई केली सकाळी," संघपाल म्हणाला. "व्हॅन परत द्यायची म्हणून."

"मनाच धक्का लागना व्हई वट्यावर," मोठी मायही दोष आपल्यावर घेत म्हणाली.

त्या घरात दोषाला मालक लगेच मिळायचा. नवीन आजारी पडल्यापासून प्रत्येकाने आपापला दोष शोधून ठेवला होता. डाग आधी का दिसले नाहीत, ताप साधा का वाटला, हे प्रश्न शिल्पा मला घासता घासता स्वतःला विचारायची. मी ऐकलं आहे.

"चला, घरी जाऊ," ती मला पुन्हा पिशवीत भरू लागली. "आपल्याला हे झेपायचं नाही. आता औषधं संपेपर्यंत कुठं जायचं नाही. मला परत विचारूच नका."

"ताई, वांगे भाजाले टाकले ना मी!" चुडामण म्हणाला.

मोठी माय कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "शिट्टी नई ते काय भूक बंद व्हस? आमना टाइमले कोठे व्हतात कुकर? तुना नवरा काय कच्ची दाय खाईसन मोठा व्हयना का?"

"आई, तुमचा मुलगा आजारी नव्हता," शिल्पा म्हणाली.

खरं तर झाकण नुसतं ठेवूनही खिचडी शिजली असती. वेळ लागला असता, एवढंच. शिल्पालाही ते ठाऊक होतं. पण तिला खिचडीची भीती नव्हती. आपल्याला शिक्षा मिळाली, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात चटईवरून आवाज आला. "मम्मी, मी घेतली शिट्टी."

सगळे वळले. नवीन मास्क खाली ओढून बोलत होता. "खेळायला घेतली. विहिरीत पडली."

विहीर शेताच्या दुसऱ्या टोकाला होती आणि नवीन चटईवरून हललाही नव्हता. तरी शिल्पा त्याच्याजवळ गेली, मास्क नीट केला आणि म्हणाली, "असू दे हं बाळा. काही नाही होत."

"बघ!" यशोधरा ओरडली. इतकी मोठ्याने, की चुडामणच्या हातातलं वांगं खाली पडलं. "त्याला काहीच म्हणत नाहीस! त्याने विहिरीत टाकली तरी 'असू दे'! त्याने नाही टाकली. मी घेतली!"

तिने कंपासपेटी उघडली. कर्कटक आणि खोडरबराच्या मध्ये माझी शिट्टी होती, रुमालात गुंडाळलेली.

"कशाला?" शिल्पाला एवढंच विचारता आलं.

"तू इथं येऊनसुद्धा कुकरजवळच बसणार होतीस. मग भांडी उकळणार, मग परत कुकर." यशोधराचा श्वास लागला होता. "मुंबईला तू कुकर नेलास. मला नाही नेलंस."

शिल्पाचा हात वर गेला. मला वाटलं, आता चापट बसणार. तो हात तसाच राहिला, मग कपाळावर टेकला. मग ती जी बोलायला लागली ती थांबेना. "लहान आहेस का आता? त्याला भूक लागली असती, गोळी द्यायची असती, मी काय केलं असतं? चोर कुठली! आणि तू!" ती नवीनकडे वळली. "विहिरीत पडली म्हणे! एवढं धडधडीत खोटं बोलतोस? खोटारडा! तुम्ही दोघांनी मिळून मला वेडं करायचं ठरवलंय!"

नवीनचे डोळे मास्कच्या वर गोल झाले. दोन वर्षांत त्याला कोणी रागावलं नव्हतं. "मोठी माय," तो आनंदाने म्हणाला, "मम्मी मला खोटारडा म्हणाली!"

मोठी माय पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"तुला कसं ठाऊक होतं, तिने घेतली ते?" संघपालने नवीनला विचारलं.

"पाहिलं मी सकाळी. मला कोणी रागावत नाही, म्हणून मी म्हटलं, मी घेतली." मग तो हळू म्हणाला, "तिचं तोरणमाळ माझ्यामुळे गेलं ना."

शिल्पाने शिट्टी घरच्या पाण्याने धुतली, माझ्या डोक्यावर बसवली आणि मला चुडामणच्या चुलीवर ठेवलं. "तीन शिट्ट्या झाल्या की उतरव," ती भावाला म्हणाली. "हात साबणाने धू आधी. नीट धू."

"धुतो ना वं ताई, धुतो!"

मग तिने यशोधराचा हात धरला आणि दोघी बोरांच्या झाडाकडे निघाल्या. शिल्पा दोनदा मागे वळली. तिसऱ्यांदा वळता वळता थांबली. झाडाखाली दोघी मातीतच बसल्या. यशोधरा काहीतरी सांगत होती, खूप दिवसांचं साठलेलं असावं, कारण तिचे हात सारखे हलत होते. मी पहिली शिट्टी दिली. शिल्पा ताडकन उठली. यशोधरा बोलायची थांबली. तिने आईला धरून ठेवलं नाही. फक्त गप्प झाली, फोनवर व्हायची तशी. शिल्पाने आमच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. आणि खाली बसली. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. ती बसूनच राहिली.

खिचडी थोडी खाली लागली. नवीनने ती सगळी खाल्ली.

मित्रांनो, इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्याच आठवड्यात नवीनला ताप आला. त्याला लगेच दवाखान्यात हलवलं. सलाईन लागलं. शिल्पाने डॉक्टरांना विचारलं, "शेतात नेलं म्हणून झालं का?" डॉक्टर म्हणाले, "घरात बसूनही येतो, ताई. तुम्ही वेळेवर आणलंत, हे महत्त्वाचं." संघपालने हे मोठ्या मायला सांगितलं, मोठ्या मायने शेजारणीला सांगितलं. शिल्पाला मात्र ते पुरतं पटलेलं नाही. मला घासताना तिचा हात मध्येच थांबतो, त्यावरून मला कळतं. मुलाला नेलं तर त्याची अपराधी, न नेलं तर मुलीची अपराधी. या दोन्हींच्या मधली वाट तिला अजून सापडलेली नाही. कुठल्या आईला सापडली असेल, मला माहीत नाही.

नवीन बरा होऊन घरी आला आहे. गोळ्या चालू आहेत. त्याला तो ताप भरला होता तेव्हा शिल्पा दवाखान्यात निघाली, तशी यशोधरा दारात उभी राहिली. या वेळी तिने पिशवी भरली नव्हती. शिल्पा थांबली, माझ्या डोक्यावरची शिट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. संध्याकाळी खिचडी लाव आणि पप्पांबरोबर डबा घेऊन ये. तूही ये." तेव्हापासून शिट्टी कंपासपेटीत असते. आता ती चोरीची नाही. मला आवाज काढायचा असला की यशोधरा यावी लागते.

मी आता फार दिवस टिकणार नाही. माझा तळ फुगला आहे. नवा कुकर घ्यायचं घरात बोलणं चालू आहे. त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या ओळखीच्या घरात एखादं मूल आजारी असेल तर त्याला जरूर भेटा, पण बाहेर हात धुऊन, आणि थोडाच वेळ. आणि जाताना दारात एखादं मूल गप्प उभं असेल, "चालेल, चालेल" म्हणत असेल, तर त्याच्यापाशीही थांबा. त्याला समजूतदार म्हणू नका. ते मूल काय सांगतंय, ते शेवटपर्यंत ऐका. मध्ये कुकरची शिट्टी झाली, तर होऊ द्या. खिचडी थोडी लागली तरी खाता येते.