सातपैकी चार

सुभाष गजभिये यांनी गाइडबाईंच्या हातातला नकाशा घेतला, खिशातलं पेन काढलं आणि सातपैकी तीन ठिकाणांवर ठसठशीत फुली मारली.

"हे काय केलंत, बाबा?" सोनलने विचारलं.

"ही तीन वगळली. उरलेल्या चारांत मी आत येईन. या तिन्हींत बाहेर थांबेन."

त्यांच्या सुनेचा चेहरा पडला. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या बर्फात सासूसासऱ्यांचे तीन महिने घरात कोंडून गेले होते, म्हणून शाळेच्या सुट्टीत सगळ्यांना हवाई बेटावर आणायची कल्पना तिची. समुद्रकाठची जपानी मंदिरं चालत दाखवणारी ही टूर बुक केली तीही तिनेच, खास बाबांसाठी. एका सकाळी सात बुद्धविहार बघायला मिळणार म्हणून बाबा कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले होते. आणि गाइड मिसेस ओशिरो, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या चिमुकल्या बाई, पाचव्या मिनिटालाच म्हणाल्या की चार ठिकाणं बुद्धाची आहेत, तीन देवांची. एक समुद्राचा देव, एक भाताचा, आणि तिसरा कशाचा याबद्दल गावात दोन मतं आहेत.

झालं. सुभाषरावांची मान ताठ झाली. तशी ती एरवीही ताठच असायची. ज्या वर्षी त्यांच्या वडिलांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच वर्षी त्यांचा जन्म. देवापुढे मान वाकवायची नाही, हे ते चालायच्या आधी शिकले होते. वीज मंडळात इंजिनिअर असताना देवस्थानांच्या तक्रारी तपासायला ते थेट गाभाऱ्याच्या दारापर्यंत जात, आणि पुजाऱ्याने पुढे केलेला प्रसाद "ड्यूटीवर आहे" म्हणून नाकारत. एकोणसत्तर वर्षांत जी मान एकदाही वाकली नव्हती, ती सुट्टीवर येऊन वाकवायचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं.

"आयुष, तू सांग ना बाबांना," सोनल नवऱ्याला म्हणाली.

"मी नाही यार. मी बारा वर्षांचा असताना एकदा सांगून बघितलं होतं."

पहिले दोन विहार झकास पार पडले. सुभाषरावांनी त्रिशरण म्हटलं, मेणबत्ती लावली, आणि बुद्धमूर्तीच्या हातांचा अर्थ मिसेस ओशिरोंना समजावून सांगितला. त्या हे चाळीस वर्षं पर्यटकांना सांगत आल्या होत्या, पण त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

तिसरं ठिकाण समुद्राच्या देवाचं. काळ्या खडकावर दोन लाल खांबांची कमान, तिच्यापलीकडे एक ठेंगणी लाकडी वास्तू. सुभाषराव कमानीच्या अलीकडेच एका दगडावर बसले.

"बुटं इथे ठेवा सगळ्यांनी. मी बघतो," ते म्हणाले. टूरमधल्या इतरांचे धरून त्यांच्या पायाशी अकरा जोड गोळा झाले. त्यांत त्यांच्या पत्नी रमाबाईंचेही होते.

"रमा, तू पण?"

"मी काहून हात जोडीन? बघायला चालले. शिकागोचं म्युझियम बघितलं, तसंच."

"म्युझियममध्ये घंटा नसते."

रमाबाई आत गेल्या आणि सगळ्यांत आधी त्यांनी घंटाच वाजवली.

सुभाषराव समुद्राकडे बघत बसले. एवढ्यात रस्त्यावरून फुलाफुलांच्या शर्टातले एक म्हातारे गृहस्थ संत्र्यांची पिशवी घेऊन आले. कमानीपाशी पांढऱ्या कपड्यांतला, ताठ बसलेला, गंभीर माणूस बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कमरेतून वाकून नमस्कार केला.

आता वडीलधाऱ्या माणसाने नमस्कार केल्यावर बसून राहणं बरं दिसत नाही. सुभाषराव उठले, हात जोडून "जय भीम" म्हणाले आणि किंचित झुकले. म्हातारे पुन्हा वाकले, पहिल्यापेक्षा खाली. आपण कमी पडलो असं वाटून सुभाषरावही आणखी खाली गेले. म्हातारे आणखी. चौथ्या खेपेला नऊ वर्षांची नात अनिका फोन घेऊन बाहेर आली.

"आजोबा, आर यू स्ट्रेचिंग?"

सुभाषराव चटकन सरळ झाले. माणसाला केलेला नमस्कार मोजायचा नसतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

म्हाताऱ्यांचं नाव हारुओ. तुम्ही कोणत्या विहाराचे भिक्खू, असं त्यांनी अदबीने विचारलं.

"नॉट मंक. रिटायर्ड एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर," सुभाषराव म्हणाले. त्यांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारात घडलेलं होतं. आत का जात नाही या प्रश्नावर "आय ॲम नॉट इन अ पोझिशन टू एंटर" एवढंच त्यांनी कळवलं. हारुओंनी मान डोलावली, कारण विचारलं नाही. त्यांनी एक संत्रं पुढे केलं.

"प्रसाद?" सुभाषरावांनी सावध होऊन विचारलं.

"फळ," हारुओ म्हणाले. "घरच्या झाडाचं."

सुभाषरावांनी ते सोलून एक फोड तोंडात टाकली. आंबट होतं. नागपूरच्या माणसाला असं संत्रं खायला घालणं म्हणजे धाडसच, पण त्यांनी तसं काही बोलून दाखवलं नाही.

"बाकीची देवाला?"

"छे. देवाची आणि माझी ओळख नाही. आजोबांना." आणि हारुओंनी सांगितलं, की त्यांचे आजोबा जपानहून इथे उसाच्या मळ्यात तोडणीला आले. मळ्यावर कुणालाच नावाने हाक मारत नसत. प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा पितळी बिल्ला. पगार बिल्ल्यावर, रेशन बिल्ल्यावर, दंडही बिल्ल्यावर. मळा सुटला तेव्हा ते बिल्ले लोकांना घरात नको होते, आणि समुद्रात फेकवतही नव्हते. म्हणून त्यांनी ते इथे आणून टांगले. आजोबांचा बावीसशे चौऱ्याहत्तर.

सुभाषरावांच्या हातातली फोड हातातच राहिली.

"माझ्या वडिलांचा सहाशे बेचाळीस," ते म्हणाले. "कापडाच्या गिरणीत."

पुढचं इंग्रजीत सांगणं अवघड होतं, तरी त्यांनी सांगितलं. मुकादम "ए सहाशे बेचाळीस" अशी हाक मारायचा, आणि वडिलांना त्याचं वाईट वाटत नसे. ते हसून म्हणायचे, आकड्याला जात नसते रे. जात खात्यांना होती; विणकाम खात्यात त्यांना शेवटपर्यंत घेतलं नाही. वडील गेल्यावर तो बिल्ला कुठे गेला, कुणी भंगारात दिला की काय, हे सुभाषरावांनी कधी विचारलंसुद्धा नव्हतं. आज एकदम ते फार लागलं.

"कुठे टांगलेत?" त्यांनी विचारलं.

"आत. उजव्या भिंतीवर."

सुभाषराव उठले. अकरा जोडांत स्वतःच्या बुटांची भर घालून ते कमानीखालून गेले. पण खरी अडचण दाराशी होती. दार बांधणाऱ्याने ते स्वतःच्या उंचीचं बांधलं होतं आणि सुभाषराव सहा फूट. आतून सगळी मंडळी बघत होती.

"वाकावं लागेल, बाबा," आयुष हलकेच म्हणाला.

"दिसतंय मला."

त्यांनी चौकट धरली, गुडघे वाकवले आणि उकिडवे बसले. मग पाठ सरळ, मान ताठ, नजर समोर, अशा थाटात ते बदकासारखे एकेक पाऊल टाकत उंबरा ओलांडून आत आले. गुडघे कडाकडा वाजले. मिसेस ओशिरोंनी चाळीस वर्षांत या दारातून असं कुणाला येताना बघितलं नव्हतं. त्या शिष्टाचार म्हणून छताकडे बघत राहिल्या.

उजव्या भिंतीवर खिळेच खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक पितळी चकती. सुभाषरावांनी चष्मा लावला आणि वरच्या ओळीपासून एकेक आकडा वाचायला सुरुवात केली. कुणी घाई केली नाही. खालच्या ओळीशी ते जमिनीवर बसले. मागोमाग आत आलेल्या हारुओंनी बोट ठेवून बावीसशे चौऱ्याहत्तर दाखवला. त्याच्या शेजारचा खिळा रिकामा होता. सुभाषराव त्या रिकाम्या खिळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले आणि त्यांची मान खाली गेली. डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या काचेवर पडलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

बाहेर पडून सगळे पुन्हा समुद्राकाठच्या पायवाटेला लागले. अनिका म्हणाली, "आजोबा बाउड! आय हॅव इट ऑन व्हिडिओ." सोनलने तिचा हात दाबला. आयुष बुटाची नाडी बांधायला खाली बसला आणि बसूनच राहिला.

रमाबाई मात्र बेचाळीस वर्षांच्या संसारात असा मोका सोडायला शिकल्या नव्हत्या. त्या नवऱ्याच्या बरोबरीने चालू लागल्या.

"मग? कसा काय वाटला समुद्राचा देव?"

सुभाषराव चालता चालता थांबले. त्यांनी आठवून बघितलं.

"आत देव होता?" त्यांनी विचारलं.