भिंतीकडची बाजू

सासऱ्यांचं नाक गेलं त्याला दोन वर्षं झाली होती. म्हणजे नाक होतं जागच्या जागी, चांगलं धारदार. त्यातला वास तेवढा एका लांबलेल्या तापानं नेला. ज्या माणसानं उभी हयात घोड्यांत काढली, मूठभर गवत नाकाशी धरून ‘हे कापल्यावर भिजलंय’ असं बिनचूक सांगितलं, त्याच्यावर ही पाळी यावी!

तेव्हापासून अंगणापलीकडच्या तबेल्यातून हाक यायची, “सूनबाई, नाक घेऊन ये!” की ती आपल्या धाकट्या लेकीला कडेवर घेऊन निघायची.

तबेल्यात आता दोनच जनावरं उरली होती. हवालदार नावाचा घोडा, सदा ताठ उभा आणि खाण्यात महाचिकित्सक. आणि चिमणी. नाव चिमणी, पण अंगानं कपाटाएवढी म्हातारी घोडी. कोरड्या गवताच्या धुळीनं तिला खोकला लागे, म्हणून दोघांना मुरवलेलं गवत घालत. अर्धवट सुकलं की ते दाबून, प्लास्टिकचे पाच-सहा वेढे देऊन गठ्ठा करायचा, हवा आत जाता कामा नये. विकणारे त्याला हेलेज म्हणत, घरात सगळे ‘मुरलेलं’ म्हणत. गठ्ठा उघडला की पाच दिवसांत संपवायचा, आणि त्याआधी वास घ्यायचा. आंबूस-गोड, पिकल्या फळांच्या टोपलीसारखा आला तर घालायचं. ओल्या फडक्यासारखा कुबट आला तर सरळ उकिरड्यावर.

“घालू?” सासरे विचारत.

“घाला, बाबा.”

“बघ हं. तुझ्या नाकावर चिमणीचं पोट.”

तिला ते फार आवडायचं. या घरात येऊन चार वर्षं झाली होती. पण आपल्यावाचून कुणाचं अडतं, हे तिला त्या दारातच पहिल्यांदा कळलं होतं.

सासऱ्यांचे नियम मोजके होते आणि त्यातला एक ते येता-जाता सांगत, “पंजा भिंतीला उभा ठेवायचा नाही. आडवा ठेवायचा.” पंजा म्हणजे गवत उचलायचा चार दातांचा काटा. त्या दिवशी धाकटीनं कडेवरून खाली झेप घेतली आणि तिला धरायच्या नादात तिनं पंजा उभाच टेकवला. तो घसरला तो थेट रांगेतल्या शेवटच्या गठ्ठ्यावर. प्लास्टिकला बोट जाईल एवढं भोक पडलं.

गठ्ठ्याला लावायची जाड चिकटपट्टी सासऱ्यांच्या कपाटात असायची. मागायची म्हणजे सांगावं लागणार. इतक्यांदा बजावलेली गोष्ट पुन्हा ऐकायची तिची छाती होईना. तिनं स्वयंपाकघरातली, खोक्यांना लावायची पट्टी आणली, भोकावर दोनदा फिरवली, आणि गठ्ठा ढकलून ती बाजू भिंतीकडे केली. परवा हाच पहिला उघडू, वाईट निघाला तर आपणच गुपचूप टाकून देऊ, असं मनाशी ठरवलं.

परवा धाकटीला दात येत होते. तेरवा पाहुणे. मग नवरा बाहेरगावी. उद्या-उद्या करता अकरा दिवस गेले. बाराव्या सकाळी धाकटी तापानं फणफणली आणि ती तिला घेऊन दवाखान्यात पळाली. नेमका त्याच सकाळी उघडलेला गठ्ठा संपला होता. सासऱ्यांनी दहापर्यंत तिची वाट पाहिली. घोडी दाराला तोंड आपटायला लागली, तेव्हा त्यांनी शेवटचा गठ्ठा पुढून फाडला. वर सोनेरी, स्वच्छ. त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. हवालदारानं हुंगून मान फिरवली. पण त्याचे नखरे रोजचेच. चिमणीनं मात्र दोघांचं खाल्लं.

संध्याकाळी ती जमिनीवर लोळायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी गठ्ठा उलटा केला. मागच्या बाजूला पांढऱ्या बुरशीचे पुंजके, आत काळपट चिखल. “कुठून तरी हवा शिरली,” ते म्हणाले. “वास नाही आला?”

“मला येत नाही,” सासरे म्हणाले. एवढंच.

प्लास्टिक तिथं नव्हतं. ते तिनं डॉक्टर यायच्या आधीच घडी करून, पट्टी आत दडवून, कचऱ्याच्या डब्यात कोंबलं होतं. हात कसे चालले ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

त्यानंतर सासरे तबेल्यात फिरकले नाहीत. नव्या गठ्ठ्यांतलं गवत हवालदाराला तीच घालायची. ते ओट्यावर बसून राहत, चहा निवून जाई. “ज्याला वास नाही त्यानं जनावर पाळू नये,” ते एकदा म्हणाले, तेही धाकटीला. आठव्या दिवशी नवऱ्यानं सांगितलं, “बाबा हवालदाराला देऊन टाकताहेत. उद्या माणूस बघायला येतोय.”

ती भांडी तशीच टाकून ओट्यावर गेली. सासरे लगामाचं चामडं तेलानं पुसत होते, देण्याआधी नीट करून ठेवावं म्हणून.

“बाबा, त्या गठ्ठ्याला भोक होतं. माझ्या हातून पंजा पडला होता. मी घरातली पट्टी लावून ती बाजू भिंतीकडे फिरवली. प्लास्टिकही मीच टाकलं.”

फडकं थांबलं. ते ओरडतील, निदान पंज्याचा नियम तरी पुन्हा ऐकवतील, असं तिला वाटलं. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

“भोक कुणाच्याही हातून पडतं,” ते म्हणाले. “माझ्याही हातून पडली आहेत. तेव्हाच सांगितलं असतंस तर गठ्ठा फेकला असता, चार शब्द बोललो असतो, झालं.”

“चुकलं, बाबा.”

“ते नाही गं.” त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “आठ दिवस मी इथं बसलोय. माझ्यामुळे गेली म्हणून. आणि तू मला चहा आणून देत होतीस.”

आत धाकटी रडायला लागली. “जा, बघ तिला,” ते म्हणाले, आणि पुन्हा चामडं पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. त्यानंतरच्या सकाळी तबेल्यातून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. ती दारात गेली तर सासरे घामाघूम होऊन एकेक गठ्ठा भिंतीपासून हातभर पुढे ओढत होते. मग ते प्रत्येकाभोवती फिरले, वाकून, हात फिरवत, अगदी मागच्या बाजूपर्यंत. पूर्वी ते असं कधी करत नसत. तिच्यासमोर गठ्ठा यायचा, ती हुंगायची, ते घालायचे.

एक फाडून झाल्यावर त्यांनी मान वळवली.

“ये. वास घे.”

‘सूनबाई’ नाही, ‘नाक घेऊन ये’ नाही. तिनं मूठभर गवत उचललं. आंबूस-गोड वास आला, चांगला. तरी तिनं पुन्हा घेतला, आणि आणखी एकदा.

“घाला, बाबा.”

त्यांनी लगेच घातलं नाही. मूठभर हवालदारापुढे धरलं, त्यानं हुंगून तोंडात घेईपर्यंत थांबले, आणि मगच पंजा उचलला. काम झाल्यावर तो जमिनीवर आडवा ठेवला.